तक्रारीची हॉटलाइन वापरण्याआधी मेल कुणाकडे जातो ते बघा

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत आणि हिंजवडीच्या आयटी कंपन्यांत हे पोस्टर दिसतं: टोल-फ्री नंबर, क्यूआर कोड आणि ‘नाव न सांगता तक्रार करा’. सेवा बहुधा बाहेरच्या एजन्सीला दिलेली असते. एजन्सी कुठलीही असो, रचना साधारण एकच, म्हणून हा रिव्ह्यू त्या रचनेचा.

वेब फॉर्म चांगला आहे. तक्रार टाकली की केस नंबर आणि पिन मिळतो. तपास करणारा पुढचे प्रश्न तिथेच विचारतो, आपणही नाव न देता तिथेच उत्तर देतो. पिन कागदावर लिहून घरी ठेवा. तो हरवला की प्रश्न अनुत्तरित राहतात आणि ‘पुरेशी माहिती नाही’ असा शेरा मारून केस बंद होते.

फोन त्यामानाने कच्चा. ऑपरेटर मराठी बोलतो, पण टिपण इंग्रजीत आणि त्रोटक करतो. ‘स्क्रॅपची रिकामी गाडी काट्यावर घेताना आत वाळूची पोती होती, माल भरताना ती काढली’ एवढं सगळं सांगावं, तर अहवालात ‘वजनात तफावत’ एवढंच उरतं. चोरी कशी झाली तेच गळालं, तर तपासणार काय?

माणसं गप्प बसतात ती भित्री म्हणून नव्हे. त्यांचा हिशेब बरोबर असतो. वजनाची ती पावती तिघांच्याच हातातून जाते: काट्यावरचा, स्टोअरचा आणि गेटवरचा. तक्रारीत पावतीचा नंबर आला की नाव लपवण्यात काही अर्थ राहत नाही. त्यात ठेकेदाराच्या माणसाला काढताना बहुधा नोटीसही देत नाहीत, ‘ब्रेक’ म्हणून त्याचं काम थांबवतात. आयटीत भीती असते ती रिलीव्हिंग लेटर अडकण्याची आणि पुढच्या नोकरीच्या बॅकग्राउंड चेकची.

म्हणून एका पावतीवर बोट ठेवू नका, तपासाची वाट दाखवा: ‘गेल्या सहा महिन्यांतल्या स्क्रॅपच्या गाड्यांचं रिकामं वजन आरसीवरच्या वजनाशी ताडून पाहा.’ हे ऑडिटरला आतल्या माणसाशिवाय जमतं, आणि तक्रार कुणाची हे कळायला मार्ग उरत नाही. क्यूआर कोड कंपनीच्या वायफायवर उघडू नका. एक्सेल फाइलमध्ये बनवणाऱ्याचं नाव राहतं, फोनच्या मूळ फोटोत वेळ आणि कधी कधी जागाही. हे काढूनच जोडा.

खरी ग्यानबाची मेख मात्र पुढे आहे. एजन्सीचा पहिला मेल कुणाकडे जातो? प्लांटच्या एचआरकडे जात असेल आणि तक्रार प्लांट हेडविरुद्ध असेल, तर ही सेवा वापरू नका. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १७७ नुसार शेअर बाजारात नोंदलेल्या, लोकांच्या ठेवी घेणाऱ्या किंवा बँकांचं ५० कोटींपेक्षा जास्त कर्ज असलेल्या कंपन्यांना अशी यंत्रणा ठेवावीच लागते. गरज पडल्यास ऑडिट कमिटीच्या (हिशेबांवर नजर ठेवणाऱ्या संचालक मंडळाच्या समितीच्या) अध्यक्षांपर्यंत थेट जाता आलं पाहिजे, असंही त्यात आहे. तो पत्ता कंपनीच्या तक्रारींबद्दलच्या पॉलिसीत शोधा. सापडला नाही तर सेवेचा निम्मा उपयोग संपला. काही फॉर्ममध्ये ‘ही तक्रार कुणाला दाखवू नये’ असा रकाना असतो, तो रिकामा सोडू नका. पॉलिसीतलं संरक्षण फक्त पगारपत्रकावरच्यांना आहे की ठेकेदाराच्या कामगारांनाही, हेही वाचा.

लैंगिक छळाची तक्रार इथे निनावी टाकून थांबू नका. ती लेखी, अशा तक्रारींसाठी कंपनीत असलेल्या अंतर्गत समितीकडे, घटनेपासून ३ महिन्यांच्या आत जायला हवी. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने वाढवू शकते. हॉटलाइनच्या केस नंबरामुळे ही मुदत थांबत नाही.

पाचपैकी फॉर्मला चार, फोनला दोन. पहिला मेल प्लांटमध्येच येत असेल तर दोन्हींना शून्य.