क्लच नसलेली गाडी, घरातले तीन ड्रायव्हर आणि नागपूरचे अकरा महिने

गाडी दसऱ्याला घरी आणली. परवा तान्हा पोळा झाला, म्हणजे अकरा महिने होत आले. मीटरवर ११,४०० किलोमीटर. पेट्रोल, एएमटी (म्हणजे क्लच आणि गिअर यंत्रच बदलतं, क्लचचं पेडल नाही), बटण स्टार्ट, पाच सीटची साधी हॅचबॅक. मॉडेलचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मला सांगायचंय ते या किमतीतल्या बऱ्याच एएमटी गाड्यांना लागू पडतं, आणि नाव घेतलं की बोलणं थेट मायलेजवर जातं. तेही सांगून टाकते: शहरात १५-१६, हायवेला २०. झालं.

चालवणारे आम्ही तिघं. मी, बुटीबोरीला शिफ्टमध्ये जाणारा नवरा आणि सासरे. बाबांचं वय ७१, जीपपासून सगळं चालवलेलं, सगळं क्लचवालं. चौथा चार वर्षांचा मुलगा. तो चालवत नाही, पण बटण त्याच्याही हाताला येतं. त्याच्याबद्दल पुढे.

डिलिव्हरीच्या दिवशी शोरूममधल्या पोराने ब्लूटूथ जोडायला अर्धा तास लावला आणि गाडी चालू-बंद कशी करायची हे दोन मिनिटांत उरकलं. "मॅडम, ब्रेक दाबा, बटण दाबा, बस." घरी येऊन मी दोन संध्याकाळी मॅन्युअल वाचलं. नवरा हसला. नंतर त्यानेही वाचलं.

पहिल्या आठवड्यात बाबांची हाक आली, "सूनबाई, बटण दाबून राहिलो, चालूच नाही होऊन राहिली!" ब्रेकवर पाय नव्हता. ब्रेक न दाबता बटण दाबलं की नुसती इग्निशन लागते, डॅशबोर्डवर दिवे येतात, इंजिन नाही. आमच्या गाडीत लीव्हर 'एन'मध्येच, म्हणजे न्यूट्रलला हवा, पाय ब्रेकवर घट्ट हवा, मगच इंजिन लागतं. आता आम्ही आधी ब्रेक न दाबता इग्निशन लावतो, एअरबॅग, एबीएस, ऑइलचे दिवे बघतो, मग ब्रेक दाबून चालू करतो. एअरबॅग आणि ऑइलचा दिवा चालू झाल्यावर लगेच विझायला हवा, एबीएसचाही. न विझलेल्या दिव्यानिशी गेटबाहेर पडायचं नाही. इंजिन गरम करायला पाच मिनिटं उभं ठेवायची बाबांची जुनी सवय मात्र सुटली. हल्लीच्या पेट्रोल इंजिनाला अर्धा मिनिट पुरतं, पहिले दोन किलोमीटर जोरात दाबू नये एवढंच.

खरी पंचाईत झाली डाव्या पायाची. "क्लच नाही तं गाडी काहाची बाप्पा! पाय कुठं ठेवू मग हा?" बाबा हसत म्हणाले, आणि बेस्याकडच्या मोकळ्या ले-आउटमध्ये पहिल्याच वळणावर गाडी हळू करताना त्यांचा डावा पाय सवयीने खाली गेला. क्लच समजून पूर्ण दाबला, होता तो ब्रेक. मागे बसलेल्या आईंचा चष्मा पुढच्या सीटखाली गेला. बेल्ट होता म्हणून तेवढ्यावर निभावलं. मागे दुसरी गाडी असती तर थेट आमच्या डिकीत आली असती. त्यानंतर तीन रविवार सकाळी सहाला तिथेच सराव. उपाय अगदी साधा निघाला: डावा पाय गुडघ्यात वाकवून सीटकडे मागे ओढून ठेवायचा, म्हणजे सवयीने उचलला तरी पेडलपर्यंत पोचत नाही. ब्रेक आणि अ‍ॅक्सिलरेटर, दोन्ही फक्त उजव्या पायाने. तीन महिन्यांनी बाबा पाय डेड पेडलवर, म्हणजे डावीकडे नुसता पाय टेकवायच्या जागेवर, ठेवायला लागले.

माझी चूक याहून वाईट होती. जुन्या गाडीत गिअरमध्ये ठेवून क्लच सोडला की ती आचका देऊन बंद पडायची. तो आचका आपल्याला सांभाळत होता, हे मला ही गाडी घेईपर्यंत कळलं नव्हतं. एएमटीला 'क्रीप' असते: 'डी'मध्ये, म्हणजे पुढे जायच्या गिअरमध्ये, ब्रेक सोडला की ती आपणहून पुढे सरकते. डिसेंबरात घराचं गेट उघडायला मी 'डी'मध्येच दार उघडून एक पाय खाली टाकला. बीप वाजली, गाडी सरकायला लागली, आणि समोर गेटला लटकलेला आमचा मुलगा. ब्रेक लागला. किती अंतर उरलं होतं ते नवऱ्याला आजही सांगितलेलं नाही. तेव्हापासून गेटसाठी उतरायचं असेल तर हँडब्रेक, 'एन', बटण बंद, मगच दार. वीस सेकंद जास्त जातात.

आमच्या गाडीत 'पी', म्हणजे चाकं अडकवून ठेवणारा पार्किंगचा गिअर, नाही. बऱ्याच एएमटीत नसतोच, आणि हे आधी कोणी सांगत नाही. लीव्हरवर 'आर' (रिव्हर्स), 'एन', 'डी' आणि 'एम' (मॅन्युअल). म्हणून पार्किंगचा सगळा भार हँडब्रेकवर. उतारावर आम्ही हँडब्रेक ओढून, लीव्हर गिअरमध्ये ठेवून इंजिन बंद करतो, म्हणजे गिअर अडकलेला राहतो. चढावर जॅम लागला की वेगळा प्रश्न. स्टेशनजवळच्या रामझुल्यावर गाड्या अडल्या की अनेक जण हलका अ‍ॅक्सिलरेटर देऊन गाडी जागेवर धरून ठेवतात. असं करू नका. आत क्लच आहेच, फक्त तो यंत्र दाबतं, आणि अशाने तो तापतो. ब्रेकवर धरा, फार वेळ असेल तर हँडब्रेक.

आता चावीची गोष्ट. खिशात चावी असली की पुरते, हे सुख. पण एकदा चालू झालेलं इंजिन चावी गाडीबाहेर गेली म्हणून बंद पडत नाही. मार्चमध्ये नवऱ्याने मला अजनी स्टेशनला सोडलं, चावी माझ्या पर्समध्ये. गाडीने बीप केलं, त्याला वाटलं दार नीट लागलं नसेल. तो काटोल नाक्यापर्यंत गेला, तिथे गाडी बंद केली, आणि मग ती चालूच होईना. मी तोवर सेवाग्रामच्या अलीकडे! दुसरी चावी घेऊन बाबा स्कूटरवर गेले, आणि त्यांनी जे ऐकवलं ते इथे लिहिता येणार नाही. आता गाडी चालू असताना चावी चालवणाऱ्याच्याच खिशात. चावीतला सेल मंदावला तर चावी बटणालाच टेकवून चालू करायची, हेही मॅन्युअलमध्येच सापडलं.

मुलाचं राहिलं होतं. मे महिन्यात चावी आत विसरलेली, हा आत शिरला, बटण दाबत बसला. इग्निशन चालू राहिली, बॅटरी उतरली. बॅटरीचं काय, दुसऱ्या गाडीवरून जंपर लावला. पण नागपूरचा मे, बाहेर ४५ अंश, काचा बंद. आईंनी दहा मिनिटांत पाहिलं म्हणून बरं. त्या दिवसापासून गाडी उभी असताना लॉक आणि चावी फ्रीजवर. त्याची सीट मागे आयसोफिक्सला (लहान मुलांची सीट अडकवायच्या गाडीतल्या हुकांना) अडकवलेली आहे, पुढे बसायचा हट्ट मान्य होत नाही. मागच्या दारांना चाइल्ड लॉक. उन्हात उभी गाडी चालू करण्याआधी चारही काचा खाली, आणि सीटबेल्टच्या बकलला हात लावून बघणं. एकदा त्याची मांडी भाजलीये.

एप्रिलमध्ये समृद्धीने शिर्डीला गेलो. शिवमडक्याहून शिर्डी ५२० किलोमीटर, वेगमर्यादा १२०. निघायच्या आधी घरीच थंड टायरमध्ये हवा मोजली, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे ३३ पीएसआय. पहिल्या थांब्याला मोजली तर ३८. तिथला हवावाला म्हणाला, "ताई, जास्त झाली, कमी करून देतो." नको म्हटलं. गरम टायरची हवा वाढलेलीच दिसते. तेव्हा काढली तर थंड झाल्यावर कमी पडते, आणि कमी हवेचा टायर वेगात जास्त तापतो. आम्ही शंभरलाच चाललो. ८०च्या वर अधूनमधून वाजणारी बीप वैतागवाणी आहे, पण सरळ सिमेंटच्या रस्त्यावर डोळे जड होतात तेव्हा तिचा उपयोगच झाला. पहिली सर्व्हिस करून आल्यावर मात्र चारही टायरमध्ये ४० हवा सापडली होती. सर्व्हिसवाल्यांवर विसंबू नका, तीनशे-चारशे रुपयांचा गेज घ्या.

पावसाळ्याचं एकच. २३ सप्टेंबर २०२३ ला अंबाझरी ओसंडलं तेव्हा आमच्या शेजाऱ्यांची गाडी पाण्यात गेली. पाणी ओसरल्यावर त्यांनी ती चालू करून बघितली, आणि इंजिन गेलं. पाणी दाबलं जात नाही, आतले रॉड वाकतात. साध्या विम्यात हे बहुधा बसत नाही, म्हणून आम्ही इंजिन प्रोटेक्ट घेतलं. नरेंद्रनगरच्या पुलाखाली पाणी दिसलं की आम्ही वळतो, मग मागचे कितीही हॉर्न वाजवोत.

तक्रारी: पहिल्यावरून दुसऱ्या गिअरवर जाताना झटका आहेच, अकरा महिन्यांत सवय झाली, कमी झाला नाही. मागची काच लहान. थंडीत उंदरांनी एक वायर कुरतडली, त्यात गाडीचा दोष नाही.

परत घेईन का? घेईन, पण 'पी' असलेली, थोडे पैसे जास्त गेले तरी. बाबांना विचारलं. ते म्हणाले, "मले तं ही चांगली वाटून राहिली." मग क्षणभर थांबून, "पण ती जीप विकायला नव्हती पाहिजे."