धम्म नाग, माहुरझरी: एका सावजीवाल्याचा अभिप्राय

विश्रांती, हवापालट, मनाला जरा बरं वाटेल असं काही डोक्यात असेल तर नागपूरजवळच्या या विपश्यना ध्यानाच्या केंद्रात जाऊ नका. त्यासाठी चिखलदरा आहे, पचमढी आहे. इथे माणूस दहा दिवस स्वतःच्याच डोक्यातल्या घाणीसमोर बसतो आणि मध्येच उठून पान खायला जायची सोय नसते. तरी मी पाचपैकी साडेचार देतो. अर्धा कशाचा कापला ते पुढे येईलच.

गोळीबार चौकाच्या बाजूला माझं सावजी भोजनालय आहे, वडिलांच्या वेळचं. ते गेले आणि धाकट्या भावाने वाटणीचा दावा लावला. तेव्हापासून माझं डोकं कायम तापलेलं. गिऱ्हाइकावर खेकसायचो, कामावरचे पोट्टे टिकेनात, बीपीची गोळी सुरू झाली. आमच्याकडे जेवायला येणारे इंदोऱ्याचे एक रिटायर मास्तर आहेत. ते म्हणाले, "भाऊ, एकदा बसून तर पाहा." त्यांच्या बौद्ध वस्तीत विपश्यना घरोघरी माहीत आहे. आमच्या गल्लीत मात्र लोकांनी विचारलं, काहून, संन्यास घेऊन राहिला का?

केंद्र कळमेश्वर रोडला, माहुरझरीत. पद्धत सत्यनारायण गोयंकांची. हे गृहस्थ मूळ बर्मातले मोठे व्यापारी, अर्धशिशीने बेजार. डोकेदुखी जावी म्हणून ते विपश्यना शिकवणाऱ्या सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे गेले, तर गुरूंनी सांगितलं की नुसती डोकेदुखी घालवायला येत असाल तर येऊ नका. १९६९ मध्ये ते भारतात आले, १९७६ मध्ये इगतपुरीचं केंद्र सुरू झालं. २०१३ मध्ये ते वारले, पण सूचना आणि प्रवचनं आजही त्यांच्याच आवाजात, रेकॉर्डवर. बीपी उतरवायला निघालेल्या माझ्यासारख्याने ही अर्धशिशीची गोष्ट आधी ऐकलेली बरी.

फी नाही. राहणं, जेवण, काहीच नाही. शिबिर पूर्ण केलेल्या माणसाकडूनच दान घेतात, तेही ऐच्छिक. जेवण वाढणारे जुने साधक, बिनपगारी. खानावळ चालवणाऱ्या माणसाला हा हिशोब चटकन पचत नाही. एवढी पानं उठतात आणि गल्लाच नाही!

पहाटे चारला घंटा. साडेचारला आसनावर. अकराला जेवण, संध्याकाळी पाचला चहा आणि थोडं काहीतरी, त्यानंतर काही नाही. साडेनऊला दिवे बंद. बोलायचं नाही, खुणा नाही, फोन जमा, वही-पेन नाही, जपमाळसुद्धा नाही. अडचण असेल तर आचार्यांना किंवा व्यवस्थापकांना विचारता येतं, तेवढंच.

पहिले तीन दिवस आनापान. म्हणजे नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर, श्वास कुठे लागतो ते बघत बसायचं. माझा अख्खा धंदा नाकावर चालतो. मसाला भाजला की जळला, ते मी पाठमोरा सांगतो. त्यामुळे श्वास सापडला लवकर, पण अकराच्या आधी जिऱ्याची फोडणी आली की गेलं लक्ष. तेल किती, हिंग कधी पडला, सगळं आसनावर बसून तपासत होतो. जेवण साधं आणि सात्त्विक. तर्रीची सवय असलेल्यांनी अपेक्षा घरी ठेवून जावं.

खरी गोष्ट चौथ्या दिवशी सुरू होते. डोक्यापासून पायापर्यंत एकेक अंग बघत जायचं. शिवाय दिवसातून तीनदा अधिष्ठान: तासभर डोळे उघडायचे नाहीत, हात-पाय हलवायचे नाहीत. अशाच एका बैठकीत वडिलांची तेरवी समोर आली. पंगत बसली होती, मी बुंदी वाढत होतो आणि भाऊ सगळ्यांसमोर म्हणाला, "दादा, दुकानाचा हिशोब दाखव." एवढंच वाक्य. जबडा आवळला, बेंबीपासून गळ्यापर्यंत शेक चढला, डावा कान असा तापला की हात लावावासा वाटे. नेहमी अशा वेळी मी कढई आपटतो. इथे कढई नव्हती. सूचना एकच: जे आहे ते बघा, समता ठेवा, म्हणजे चिडू नका, हुरळूही नका. मग कान बघितला. ठणकला, गरमी मानेवर पसरली, मग हळूहळू उतरली. वाक्य अजून डोक्यात होतंच, पण कान थंड झाला होता.

पुढच्या बैठकीत तेच वाक्य परत आलं, या वेळी पोटात. आणि रागाच्या खाली भीती निघाली. दुकान गेलं तर या वयात कुणाच्या हाताखाली कांदे चिरायचे? इतकी वर्षं भांडून राहिलो, पण हे मी वकिलालाही सांगितलं नव्हतं.

दहाव्या दिवशी मौन सुटतं, मैत्री भावना शिकवतात. सगळ्यांचं मंगल होवो, यात भाऊही आला. माझ्याच्याने अर्ध्यावरच झालं.

आता अर्धा गुण. प्रवचनात जन्मोजन्मी मनात साठलेल्या संस्कारांचं जे सांगतात ते मला पटलं नाही. कानाचं पटलं, कारण ते मी बघितलं. आणि त्याच त्या सूचना फिरून फिरून येतात, सातव्या दिवशी जीव विटतो. दुसरं, गंभीर मानसिक आजार असेल तर हे शिबिर तुमच्यासाठी नाही. फॉर्ममध्ये आजार आणि औषधं विचारतात, तिथे लपवू नका. बीपीच्या गोळ्या मी नेल्या होत्या, आजही घेतो.

दावा चालू आहे. मी माझा हिस्सा सोडलेला नाही, सोडणारही नाही. मागच्या तारखेला कोर्टाच्या जिन्यावर भाऊ भेटला, काहीतरी टोचून बोलला. कान तापला. तोंड उघडायच्या आधी मला ते कळलं आणि मी वर निघून गेलो. घरी सकाळ-संध्याकाळ एकेक तास बसा म्हणतात. मी सकाळीच बसतो, संध्याकाळी गिऱ्हाईक असतं.

अर्ज ऑनलाइन होतो. नागपूरचा एप्रिल-मे टाळा, थंडीत जा आणि शाल न्या. गुडघे दुखत असतील तर आधीच सांगा. आणि निघायच्या आदल्या रात्री सावजी मटण नको, माझ्याकडचंही नको. पहाटे साडेचारच्या बैठकीत कळतं काहून म्हणतो ते.