वाकडे पार्ट्स आणि गरम पाणी: आठ महिन्यांनंतर

गेल्या ऑक्टोबरात कॅनबेरा या बॉम्बर विमानाच्या प्लास्टिक मॉडेलचं १/७२ स्केलचं (मूळ विमानाच्या बहात्तराव्या हिश्श्याचं) किट उघडलं आणि स्प्रू, म्हणजे पार्ट्स जोडलेल्या प्लास्टिकच्या चौकटी, टेबलावर ठेवताच मन खट्टू झालं. फ्युजलाजचे, म्हणजे विमानाच्या धडाचे, दोन्ही अर्धे केळ्यासारखे वाकलेले. नाक आणि शेपूट जुळवून धरलं की मधे ३ मिलिमीटरची फट. डाव्या पंखाचं टोक ४ मिलिमीटर खाली झुकलेलं. हे विमान आपल्या हवाई दलात १९५७ ते २००७ अशी पन्नास वर्षं होतं, माझं फार लाडकं. या स्केलला त्याच्या पंखांचा पसारा साधारण २७ सेंटिमीटर होतो, त्यामुळे टोकाला जरासा जरी झोल असला तरी खोलीच्या दारातून दिसतो. तसंच जोडून टाकायला मन तयार होईना.

स्वयंपाकात वापरतात तो सुईचा डिजिटल थर्मामीटर आणला, आईकडून एक जुनी परात मागून घेतली. "अगं, ने, पण आता तिच्यात कणीक मळायची नाही हं," असं तिने बजावलं, आणि तेव्हापासून ती परात माझ्या टेबलाखालीच असते. गेल्या आठ महिन्यांत अकरा किट्सचे पार्ट्स तिच्यातून गेले.

आधी नुकसान सांगते, कारण शिकले त्यातूनच. पहिल्याच दिवशी उकळतं पाणी वापरलं. आमच्याकडे पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं आणि किटचं पॉलिस्टायरीनही ९५ ते १०० अंशांच्या दरम्यानच मऊ पडतं. एका टाकाऊ पंखाची मागची पातळ कडा दहा सेकंदांत वाळक्या पानासारखी सुरकुतली, पॅनल लाइन्स (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेषा) बुजल्या. हेअर ड्रायर तर त्याहून वाईट: एकाच जागी झोत बसतो, तिथे प्लास्टिक वितळायला येतं आणि दोन बोटं पलीकडे गारच. तो मी पुन्हा हातात घेतलेला नाही.

आता पातळ पार्टला ७० अंश आणि जाड पार्टला ८० ते ८५, याच्यावर मी जात नाही. पार्ट अर्धा मिनिट बुडवायचा, रबरी हातमोजे घालून पाण्यातच हळूहळू वळवायचा, बाहेर काढून तसाच धरून ठेवायचा आणि धरलेल्या अवस्थेतच गार पाण्यात घालायचा. एका दमात सरळ करायला जाऊ नका. मी कॅनबेराच्या पंखाला पाच फेऱ्या दिल्या, प्रत्येक फेरीत जेमतेम एक मिलिमीटर. गार झाल्यावर प्लास्टिक थोडं मागे सरकतं, म्हणून शेवटच्या फेरीत हवं त्यापेक्षा किंचित जास्त वळवलं. मग ओट्याच्या उरलेल्या ग्रॅनाइटच्या तुकड्यावर पंख ठेवून पट्टी लावून पाहिलं. या विमानाचे पंख मुळात थोडे वर उचललेले असतात, तेव्हा पंख सपाट झाला म्हणजे काम झालं असं नाही. मी पुठ्ठ्यावर समोरून दिसणारा कोन काढून घेतला आणि पंख त्याच्याशी ताडून पाहिला.

वाक दोन प्रकारचे असतात, हे मला बऱ्याच उशिरा उमगलं. डब्यात स्प्रू दाटीने कोंबल्यामुळे वाकलेला पार्ट गरम पाण्यात पडला की बऱ्याचदा स्वतःहूनच मूळ आकाराकडे येऊ लागतो. ते बघताना फार छान वाटतं. पण जो साच्यातूनच वाकडा निघालाय, म्हणजे पुरता गार व्हायच्या आत बाहेर ढकलला गेलाय किंवा ज्याचा जाड भाग आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेगाने गार झालेत, त्याचं प्लास्टिक वाकडाच आकार आपला मानतं. तो आपणच वळवायचा आणि धरायचा. म्हणून पहिली बुडी नुसती बघण्यासाठी ठेवा, हात लावू नका.

फ्युजलाजला मात्र मी पाणी लावलंच नाही. लांब पोकळ अर्धा गरम केला की पीळ पडण्याची भीती असते. अर्धा मिलिमीटर जाडीच्या प्लास्टिक शीटचे बोटाच्या नखाएवढे तुकडे कापले आणि आतल्या बाजूला आलटून पालटून चिकटवले, एक डाव्या अर्ध्याला, पुढचा उजव्याला. मग नाकापासून ३ सेंटिमीटर जोडायचं, पातळ सिमेंट (मॉडेलचा पातळ गोंद) सोडायचं, कपड्यांचे चिमटे लावायचे आणि दुसऱ्या दिवसापर्यंत विसरायचं. असं करत शेपटीपर्यंत नऊ दिवस लागले. फटी बुजवायला पुट्टी जवळजवळ लागलीच नाही.

आठ महिने थांबून लिहिण्याचं कारण पुढे आहे. याच काळात घाईने केलेल्या दुसऱ्या एका विमानाचे पंख मी गरम न करता नुसते दाबून चिकटवले होते. तेव्हा जोड अगदी सुबक दिसत होता. एप्रिलच्या उन्हाळ्यात पंखाच्या मुळाशी रंगाखालून केसाएवढी चीर आली, मेमध्ये ती नखाला लागू लागली. प्लास्टिकमधला ताण तसाच राहिला होता आणि तो जोडावर सतत ओढ देत होता. त्याच कपाटात, त्याच उन्हाळ्यात, पाण्याने सरळ केलेला कॅनबेराचा पंख मी दर महिन्याला पुठ्ठ्याच्या त्याच कोनाशी लावून पाहिला. तो हलला नाही.

रेझिनचे (वेगळ्या, ओतीव प्लास्टिकचे) सुटे भाग असतील तर पाणी बरंच कमी गरम पुरतं, मी ६० च्या आतच ठेवते. बारीक अँटेना आणि लँडिंग गिअरचे दांडे मी वळवतच बसत नाही, पितळी तार घालून नवे करते.

पारदर्शक कॅनोपीला, म्हणजे वैमानिकाच्या जागेवरच्या झाकणाला, मात्र या पद्धतीने मला यश आलेलं नाही. ७० अंशांतच सावकाश वळवूनही एका कॅनोपीला आतून बारीक रेषा पडल्या, आणि त्या पॉलिशने जात नाहीत. कॅनोपी वाकडी निघाली तर तिला पाण्यात घालू नका. फ्युजलाजची कड घासून तिच्या मापाची करा, किंवा पातळ पारदर्शक शीट गरम करून साच्यावर ओढून नवी करून घ्या. माझी दुसऱ्या प्रयत्नात जमली.