जांभळी नाक्याचे रफूवाले चाचा, पप्पांचा कोट आणि घरात झालेलं भांडण

आधी रेटिंग सांगते, पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते पुढे येईलच.

ज्यांना फक्त पत्ता पाहिजे त्यांच्यासाठी : ठाणे वेस्ट, स्टेशनवरून चालत जांभळी नाक्याला या, कौपिनेश्वर मंदिराच्या पुढे कापडवाल्यांच्या आतल्या गल्लीत शिरा आणि कुणालाही "रफूवाले चाचा" विचारा. दुकानाला नाव नाहीये. पत्र्याच्या पाटीवर रफू, काज-बटण, चेन, फॉल-बिडिंग एवढंच लिहिलंय आणि त्यातलं फॉल-बिडिंग पण आता खोडलंय. एक माणूस मांडी घालून बसेल एवढाच गाळा, गिऱ्हाईक रस्त्यावर उभं. गाडी आणायचा विचारही करू नका, संध्याकाळी तिथे चालायला जागा नसते.

आता कोट. माझ्या पप्पांचा लोकरीचा कोट आहे, राखाडी, १९७८ साली लग्नासाठी नगरला शिवलेला. ठाण्यात डिसेंबरमध्ये दुपारी पंखा लागतो, पण नाताळच्या, पंचवीस तारखेच्या चर्चमधल्या उपासनेला पप्पा तोच कोट घालणार म्हणजे घालणार, घामाने निथळत सगळ्यांशी हस्तांदोलन करणार आणि घरी आल्यावर मटणाच्या ताटावर बसेपर्यंत काढणार नाहीत. वागळे इस्टेटमध्ये आयुष्य युनिफॉर्मवर काढलेला माणूस, वर्षातून एक दिवस कोट घालतो, आपण कोण बोलणार. उरलेले ३६४ दिवस तो कोट लोखंडी ट्रंकेत. नोव्हेंबरअखेर ट्रंक उघडली आणि मम्मीने जी हाक मारली ती खालच्या मजल्यापर्यंत गेली असेल. कसर लागलेली. मोजून सात भोकं, पाच बारीक, दोन मटारएवढी.

माझी लेक नववीत आहे, संडे स्कूलला जाते, जीभ लांब. ती पटकन म्हणाली, "आजोबा, पृथ्वीवर साठवू नका सांगितलं होतं ना, कसर आणि जंग लागतो म्हणून." बायबलमधला मत्तयाचा सहावा अध्याय, आमच्याकडे तोंडपाठ असतो. पप्पा हसले नाहीत.

खरं सांगायचं तर हा आमचा घरचा रोगच आहे. दूध उतू गेलं तरी त्यात बोध, लिफ्ट बंद पडली तरी त्यात बोध. आमचे एक जुने पाळक, म्हणजे चर्चचे धर्मगुरू, होते ते तर चर्चचा माईक बिघडला तर त्यावरच पंधरा मिनिटं बोलायचे आणि तोपर्यंत माईक दुरुस्त व्हायचा. मला लहानपणी याचा फार वैताग यायचा, की जरा एखादी गोष्ट नुसती गोष्ट म्हणून राहू द्या की. आता चाळिशी ओलांडल्यावर मीच तेच करते, त्यामुळे हा रिव्ह्यू पण तिकडे वळणार, ज्यांना नको त्यांनी रेटचा पॅरा वाचून सुटावं.

तर पहिली चूक माझी. मी कोट घेऊन गेले घोडबंदर रोडवरच्या एका चकाचक ड्रायक्लिनिंगवाल्याकडे, नाव घेत नाही. एसी, काउंटर, बिलावर बारकोड. ते म्हणाले मॅडम चार दिवसांत एकदम नवा करून देतो. आणि केलं काय, दोन मोठ्या भोकांच्या मागून नवं कापड लावलं, तो गरम इस्त्रीने चिकटणारा पॅच येतो ना तो, आणि वरून दणकून स्टीम मारली. लोकर जुनी, सत्तेचाळीस वर्षांत जे काय आटायचं ते आटून बसलेली. पॅचचं कापड कोरं. स्टीम लागली आणि पॅच आटला, आटताना त्याने भोवतालची लोकर ओढली, आणि कोटाच्या छातीवर अशा चुण्या पडल्या की कुणीतरी आतून चिमटा घेऊन धरलाय असं वाटावं. एका भोकाची कड तर चक्क उसवली. मटारएवढं होतं ते बोराएवढं झालं. पाचशे रुपये घेतले वरती.

रिक्षात बसून ते बघताना मला पहिल्यांदा कळलं की कोऱ्या कापडाचं ठिगळ म्हणजे काय. किती वेळा ऐकलंय, जुन्या वस्त्राला कोऱ्या कापडाचं ठिगळ कुणी लावत नाही, ते वस्त्राला ओढून आणखी फाडतं, येशूचा हा दाखला मत्तय, मार्क, लूक तिघांच्याही शुभवर्तमानात आहे, आणि मला कायम वाटायचं की हा नुसता म्हणीसारखा म्हणायचा प्रकार आहे. तो तर शुद्ध शिंपीकाम आहे! आपल्याकडे ब्लाउज शिवायला टाकताना टेलर सांगतो की अस्तर रात्रभर भिजवून आणा, कशासाठी, तर नंतर धुण्यात आटून ब्लाउज ओढू नये म्हणून. तेच ते. मत्तय आणि मार्काच्या मूळ ग्रीकमध्ये जो शब्द आहे त्याचा अर्थही नुसता नवं असा नाही, परटाकडे जाऊन न आलेलं, म्हणजे न आटलेलं कापड असा आहे. दोन हजार वर्षांपूर्वी येशूच्या गालील प्रांतातल्या बायकांना हे कुणी समजावून सांगायची गरज पडली नसणार.

चाचांकडे मला आमच्या सोसायटीतल्या एका काकूंनी पाठवलं. चाचा मूळचे उत्तर प्रदेशात नजीबाबाद म्हणून आहे तिथले, तिकडे रफूचं काम पिढ्यान्पिढ्या चालतं, तिथले कारीगर देशभर पसरलेत. ठाण्यात तीस वर्षं झाली म्हणाले, मराठी चांगलं बोलतात, फक्त रागावले की हिंदी. कोट बघून हिंदीच सुरू झालं. "ये किसने किया?" मी गप्प.

मग त्यांनी जे केलं ते मी पाऊण तास उभी राहून बघितलं, भाजी घ्यायची होती ती राहिली. आधी ओलं फडकं ठेवून इस्त्रीने तो पॅच हळूहळू सोडवला, गोंदाचे डाग राहिले ते नखाने खरवडले. मग कोट उलटा केला, खालच्या बाजूचं अस्तर चार बोटं उसवलं आणि आतला दाब बाहेर काढला. दाब म्हणजे शिवणीच्या आत दुमडून ठेवलेलं जास्तीचं कापड, जुने शिंपी भरपूर ठेवायचे, पुढे अंग सुटलं तर कोट सैल करता यावा म्हणून. त्या दाबातून चाचा सुईच्या टोकाने एकेक धागा ओढून काढत होते. वीतभर लांब, केसाएवढा. काढला की समोरच्या पेपरवर ठेवायचा, उभे एकीकडे, आडवे एकीकडे. पंखा बंद, कारण धागे उडतात. मी विचारलं की बाजारात राखाडी धागा मिळत नाही का. म्हणाले, "मिळतो ना ताई, शंभर शेड मिळतात. पण सत्तेचाळीस वर्षं याच्याबरोबर जुना झालेला कुठून मिळणार?"

बरं, भोकाच्या कडेला सुई लावतच नाहीत. मी समजत होते की भोक बुजवायचं म्हणजे भोकापासून सुरू. ते सुरू करतात अर्धा इंच लांबून, जिथे कापड धडधाकट आहे तिथून, कारण कडेची लोकर कसरीने कुरतडून कच्ची झालेली असते, तिला धरलं तर ती सुटते. म्हणून मटारएवढ्या भोकाला रफू रुपयाएवढा होतो. आधी सगळे उभे धागे, मग आडवा धागा दोनांवरून दोनांखालून, पुढच्या ओळीला एक घर सरकून, म्हणजे मूळ विणीत जी तिरकी रेघ असते ती पण जुळते. तोंडाने पुटपुटत मोजत होते. एक ओळ चुकली तर पूर्ण उसवली, चिडले नाहीत, मान पण वर केली नाही.

मला योहानाच्या शुभवर्तमानातला येशूचा तो अंगरखा आठवला, वरपासून खालपर्यंत सबंध विणलेला, शिवणच नसलेला, जो त्याला क्रुसावर देणाऱ्या शिपायांना फाडवेना म्हणून त्यांनी चिठ्ठ्या टाकल्या. चर्चमध्ये तिथे आम्ही नेहमी चिठ्ठ्यांवर थांबतो. तो विणला कुणी असेल, हे मी त्या गल्लीत उभं राहून पहिल्यांदा मनात आणलं.

रेट : बारीक भोक २५०, मोठं ४५०, पॅच काढायचे २०० वेगळे. माझे झाले २३५०, त्यांनी २३०० घेतले. महाग वाटेल, पण एका मोठ्या भोकाला त्यांचे अडीच-तीन तास जातात, हिशोब करा. जीन्सला वगैरे मशीन रफू करतात तो स्वस्त आहे, त्यासाठी इथे येऊ नका, कुठेही करा.

आता अर्धा स्टार. आठ दिवसांत देतो म्हणाले आणि पंधरा दिवस लावले. फोन उचलत नाहीत. मी तीन चकरा मारल्या, प्रत्येक वेळी कोट तसाच खुंटीला आणि चाचा दुसऱ्या कुणाच्या तरी शालीत डोकं घालून. तिसऱ्या वेळी मी जरा आवाज चढवला, तर म्हणाले ताई तुमचं पंचवीसला आहे, हिचं लग्न वीसला आहे. बरोबर होतं, पण मग आठ दिवस बोलायचं नाही ना. त्या दिवशी रागातच तलावपाळीला जाऊन बसले, समोर सेंट जॉन चर्चवर स्टार लावायचं काम चाललं होतं, एक भेळ खाल्ली आणि घरी आले.

त्या रात्री जेवताना भांडण. मी मोठ्या उत्साहात सांगत होते की बघा, कोऱ्या ठिगळाने फाटतं आणि त्याच्याच आतल्या धाग्याने सांधतं, देव पण आपल्याला असंच दुरुस्त करतो, बाहेरचं काही आणून चिकटवत नाही वगैरे वगैरे. मला वाटलं पप्पा खूश होतील. पप्पांनी चपातीचा तुकडा खाली ठेवला.

"अगं, पण तो दाखला रफूचा नाहीच आहे. लोकांनी विचारलं होतं की बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे शिष्य उपास करतात, तुझे का करत नाहीत. त्यावर येशू बोलतोय. जुन्याला नवं जोडूच नका म्हणतोय तो. तुझा चाचा जे करतो ते त्याच्या बरोब्बर उलटं."

मला बोलताच येईना, कारण खरं होतं. मी तो दाखला माझ्या कोटाला ठिगळासारखाच चिकटवला होता. नवरा म्हणाला चला आता जेवा. पण मी उठून पवित्र शास्त्र आणलं आणि पुढचं वाचलं. त्याच ओळींना लागून द्राक्षारसाचं आहे, नवा रस नव्या बुधल्यात, म्हणजे चामड्याच्या पिशवीत, आणि मत्तय तिथे म्हणतो की म्हणजे दोन्ही टिकतात. दोन्ही! आणि लूक तर शेवटी हे पण सांगून टाकतो की जुना प्यायलेल्या माणसाला नवा नकोच असतो, त्याला जुनाच बरा वाटतो. म्हणजे जुनं फेकून द्या असं काही तो म्हणत नाहीये. पप्पा म्हणाले हे तू ओढूनताणून काढतेस. मी म्हटलं मग तुम्ही नवा कोट घ्या. मम्मी म्हणाली तुम्हा दोघांची भाजी गार झाली. हा वाद अजून मिटलेला नाहीये, आणि माझं मत विचाराल तर पप्पा साठ टक्के बरोबर आहेत.

कोट मिळाला बावीस तारखेला. पाच बारीक भोकं कुठे होती ते मला खरोखर सापडत नाही. छातीवरची दोन मोठी, उजेडात तिरकं धरलं तर सावलीसारखी दिसतात, जिथे पॅचने उसवलं होतं तिथे जास्त. चाचांनी स्वतःच बोट ठेवून दाखवलं की हे पूर्ण लपणार नाही, आधीच आला असता तर लपलं असतं. वर फुकटचा सल्ला : लोकरीचं कापड डाग घेऊन ट्रंकेत ठेवू नका, उडणारं पाखरू काही खात नाही, त्याची अळी खाते, आणि तिला घामाचं नाहीतर जेवणाचं लागलेलं कापड फार आवडतं. धुऊन, उन्हात वाळवून ठेवा, नुसत्या डांबरगोळ्यांवर भरवसा नको. आता सातपैकी चार भोकं उजव्या बाहीवर का होती ते कळलं. मागच्या नाताळचा रस्सा.

निघताना चाचांनी गल्ल्याखालून एक पाकीट काढून दिलं. आतल्या खिशाला भोक पडलं होतं, त्यातून ते अस्तराच्या आत घसरलं होतं, मी गेल्यावर पुन्हा दाब काढताना सापडलं. चर्चच्या दानाचं छापील पाकीट, वर पप्पांच्या अक्षरात त्यांचं नाव, आत पाचशेची नोट. जुनी, २०१६ च्या नोव्हेंबरात बंद झालेली. चाचांनी पाकीट उघडून बघितलं असणार, कारण देताना म्हणाले, "हे आता चालत नाही ताई, पण तुमचं आहे."

घरी पप्पांच्या हातात दिलं. ते बराच वेळ बघत बसले, म्हणाले, मी तर हे दिलं असं समजत होतो. लेकीने तोंड उघडलं होतं, मी डोळे मोठे केले. पंचवीसला ते कोट घालून गेले, घामाघूम झाले, चार जणांना चाचांचा पत्ता दिला. नोट त्यांनी परत पाकिटात घालून त्याच खिशात ठेवलीय, खिसा शिवून घेतलाय चाचांकडूनच, त्याचे तीस रुपये वेगळे.

शुक्रवारी दुपारी दीड ते अडीच दुकान बंद असतं, तेव्हा जाऊ नका. पेमेंट यूपीआय चालतं.