पेसमेकरचे नऊ महिने, आणि आतली ती तार

बार्ज दुरुस्तीच्या यार्डात तीस वर्षं वायरमनचं काम केलं. त्यामुळे पेसमेकर बसवायचं ठरलं तेव्हा माझा पहिला प्रश्न, "डॉक्टर, वायर कसली?" ते हसले. तोवर सगळं बोलणं पेसमेकरच्या डबीचंच चाललं होतं.

डबी टायटॅनियमची. डाव्या खांद्याखाली चाचपली की लागते, एरवी विसर पडतो. तिला तसे कष्ट नाहीत. मरण डबीतून हृदयात जाणाऱ्या तारेचं. हृदय दिवसाला साधारण १ लाख वेळा हलतं, तेवढ्या वेळा ती वाकते, तीही खाऱ्या रक्तात. मांडवीकाठच्या खाऱ्या वाऱ्यानं खिडकीच्या गजांचं काय होतं ते आपण बघतोच. म्हणून बऱ्याच लीडमध्ये, म्हणजे या तारांमध्ये, एमपी३५एन हा मिश्रधातू असतो: निकेल ३५, कोबाल्ट ३५, क्रोमियम २०, मॉलिब्डेनम १० टक्के. चिवट, गंजाला दाद न देणारा, पण वीज न्यायला आळशी. त्यावरची तोड मला फार आवडली. या धातूच्या नळीत चांदी घालतात आणि दोन्ही एकत्र ओढत ओढत बारीक तार काढतात. वीज न्यायची चांदीनं, मार खायचा बाहेरच्या थरानं. मग तिचं स्प्रिंगसारखं वेटोळं.

पहिले सहा आठवडे डावा हात खांद्याच्या वर न्यायचा नाही, तारेचं टोक आत नीट रुजेपर्यंत. नेमकी चवथ आली. गणपतीवरची फळापानांची माटोळी भाच्यानं बांधली, मी खुर्चीत बसून सूचना करत होतो. "काका, आता गप्प बसा," म्हणाला शेवटी. डबीपासून लांब म्हणून मोबाईल डाव्या खिशातून उजव्या खिशात गेला. ही सवय मोडायला मात्र दोन महिने लागले.

तपासणीत छातीवर यंत्र ठेवलं की पडद्यावर तारेचा रोध दिसतो. माझा आधी ५४० ओहम, आता ५२०. तार आत तुटली तर हा आकडा एकदम चढतो, वरचं इन्सुलेशन फाटलं तर पडतो. बार्जवर मेगर, म्हणजे इन्सुलेशन तपासायचं यंत्र, लावून आम्ही वेगळं काय करत होतो?

तक्रार एकच. फेब्रुवारीत कंबर धरली, एमआरआय सांगितला. पेसमेकरच्या कार्डावर डबीचं मॉडेल होतं, लीडचं नव्हतं. स्कॅनवाल्यांनी परत पाठवलं, आणि बरोबरच केलं: डबी एमआरआयला चालणारी असली तरी लीडही तशीच लागते. डिचोलीहून पणजीला दोन खेपा फुकट. तिसऱ्या खेपेला तपासणीच्या तंत्रज्ञानं जुनी फाईल काढली आणि लीडचा नंबर निळ्या पेननं कार्डाच्या मागे लिहून दिला. मी तिथूनच लॅमिनेशनच्या दुकानात गेलो.