ट्यूब दाखवा म्हटलं की कपाळावर आठ्या: हेअर कलरच्या नावाखाली झालेली फसवणूक

केसांच्या रंगाबद्दल सलूनवाल्याचं मत आपल्यापेक्षा वेगळं असलं तर त्यात वावगं काहीच नाही. कित्येकदा त्याचंच बरोबर असतं. गडबड होते ती तो ‘हो मॅडम, तुम्ही म्हणाल तसं’ म्हणून मान डोलावतो आणि आत जाऊन स्वतःच्या मनातला रंग कालवून आणतो तेव्हा. भाचीच्या लग्नाआधी, नोव्हेंबर २०२५ मध्ये, पुण्यातल्या एका चकचकीत सलूनमध्ये माझ्याबाबतीत हे झालं. सलूनचं नाव इथे देत नाही, तक्रार जिथे करायची तिथे केली आहे. तसंही ही तऱ्हा काही एकाच दुकानाची नाही. नंतर ज्या ज्या बायकांशी बोलले, त्यातल्या निम्म्या जणींनी ‘अगं, माझंही सेम’ म्हणून सुरुवात केली.

मी बरीच वर्षं ४ नंबर लावते. ज्यांनी फक्त घरी पुडीचा कलप लावलाय त्यांच्यासाठी सांगते: शेड कार्डावर १ म्हणजे काळाभोर आणि १० म्हणजे अगदी फिकट सोनेरी. ४ हा गडद तपकिरी, घरात काळाच वाटतो, उन्हात गेलं की जरा कळतो. टिंबानंतरचा आकडा छटेचा, बऱ्याच कंपन्यांत .३ म्हणजे सोनेरी आणि .४ म्हणजे तांबूस. हे एवढं माहीत असलं तरी पुरे, कारण खरी भानगड या आकड्यांतच केली जाते.

फोनवर ठरलं होतं ते असं: फक्त रूट टच-अप (म्हणजे मुळाशी नव्याने उगवलेल्या केसांनाच रंग), अमोनिया-फ्री, १,८०० रुपये. खुर्चीत बसल्यावर स्टायलिस्टने माझी एक बट बोटांत धरली आणि नाक मुरडलं. ‘मॅडम, ४ ने चेहरा डल दिसतो. तुमचा स्किन टोन वॉर्म आहे, आपण ६ कडे जाऊ या. लग्न आहे ना?’ मी नाही म्हटलं, आणि कारणही सांगितलं. खालच्या केसांवर वर्षानुवर्षांचा गडद रंग बसलाय. तिथे ६ लावून काही होणार नाही. मुळं तेवढी उजळतील आणि डोकं दुरंगी दिसेल.

ही माझी काही खास विद्या नव्हे. रंगाने रंग उतरत नाही, हे या धंद्यातलं पहिलं पाठांतर आहे. आधी रंगवलेल्या केसांवर फिका रंग लावला तर तो चढतच नाही, त्यासाठी ब्लीच लागतं. मुळाशी मात्र कोरा केस असतो, शिवाय टाळूची ऊब मिळते, म्हणून तिथे रंग भराभर उघडतो. त्यात डेव्हलपर जोरदार घेतला तर विचारूच नका. डेव्हलपर म्हणजे हायड्रोजन पेरॉक्साइड: २० व्हॉल्यूम म्हणजे ६ टक्के, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२. पांढरे केस झाकायला साधारण २० वापरतात. तो माझं सगळं ऐकून ‘ओके मॅडम, ४ फायनल’ म्हणाला आणि आत गेला.

बाऊल घेऊन आला तेव्हा मी ट्यूब बघायला मागितली. ‘मिक्स झाली मॅडम, आत आहे. ४च आहे.’ बाऊलमध्ये पाहून काही कळण्याची सोय नसते. ताजा कालवलेला रंग, मग तो २ असो की ७, बहुतेक वेळा सायीसारखा पांढुरकाच दिसतो. हवा लागली की हळूहळू गडद होतो. त्याने मागच्या बाजूने सुरुवात केली आणि दोन-तीन ओळी लावून होतात न होतात तोच माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अमोनिया नाकाला लगेच कळतो. अमोनिया-फ्री रंगात त्याऐवजी दुसरं अल्कली असतं, त्याला असा डोळे चुरचुरवणारा वास येत नाही. मी म्हटलं, ‘हे अमोनिया-फ्री नाहीये.’ तर म्हणे, ‘थोडा असतोच मॅडम सगळ्यात.’

मग मी उठले. गळ्यात ती काळी केप, मानेवर रंग, तशीच आतल्या खोलीत गेले. ओट्यावर पिळून चपटी केलेली ट्यूब पडली होती. तिच्या दुमडलेल्या टोकावर ६.४. शेजारी ३० व्हॉल्यूमची बाटली, झाकण उघडंच. दोन्हींचे फोटो काढले, ट्यूब हातात घेऊन बाहेर आले आणि सगळ्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, ‘हे आत्ताच्या आत्ता धुवा.’ मी उठायच्या आधीच त्याच्या हाताखालच्या मुलाने भांगापर्यंत रंग नेला होता. स्टायलिस्टचं उत्तर मला अजून पाठ आहे: ‘मॅडम, मला वाटलं रिझल्ट बघितल्यावर तुम्हालाच आवडेल.’

पुढचा प्रकार मात्र मी तोवर कुठे ऐकलाही नव्हता, म्हणून नीट वाचा. या सलूनचं ‘वॉलेट’ होतं: ५,००० भरा, ७,००० ची सेवा घ्या. दिवाळीच्या ऑफरमध्ये मी ते घेतलं होतं. वॉलेटमधून पैसे वळते करायला आपल्या फोनवर ओटीपी येतो. मी बेसिनला मान टेकून बसलेली, डोळ्यांवर टॉवेल, नळ चालू. रिसेप्शनवरची मुलगी येऊन म्हणाली, ‘मॅडम, फोन वाजत होता, आणून दिला हं.’ आणि तो शेजारच्या स्टुलावर ठेवून गेली. उठून पाहते तर वॉलेट रिकामं. ओटीपी लॉक स्क्रीनवर दिसतो, तो वाचायला फोन उघडावा लागत नाही. आणि मधल्या वेळात डोक्यावर छोट्या बाटलीतलं काहीतरी ओतलं गेलं होतं, ते म्हणे ‘बॉण्ड ट्रीटमेंट’, केस मजबूत करायचा उपचार.

बिल असं होतं: ग्लोबल कलर, म्हणजे सगळ्या केसांना रंग, ४,५००. बॉण्ड ट्रीटमेंट २,५००. एक्स्ट्रा ट्यूब ९००. झाले ७,९००. त्यावर १८ टक्के जीएसटी १,४२२. एकूण ९,३२२. वॉलेटचे ७,००० वजा जाता वर आणखी २,३२२ द्यायचे. रूट टच-अपचं ग्लोबल कधी झालं? तर, ‘रंग खालपर्यंत ओढावा लागला, नाहीतर पॅच दिसला असता.’ म्हणजे चुकीचा रंग लावायचा, तो लपवायला आणखी लावायचा, आणि दोन्हींचे पैसे गिऱ्हाइकाकडून. आरशात भांगाच्या दोन्ही बाजूंना बोटभर विटकरी पट्टा आणि त्याखाली काळे केस. आतल्या पिवळ्या दिव्यांत ते ‘कॅरामल’ दिसत होतं, म्हणून मी बाहेर रिक्षा स्टँडपाशी उन्हात उभं राहून फोटो काढून घेतले.

जीएसटीबद्दल थोडं. २२ सप्टेंबर २०२५ पासून सलूनच्या सेवांवरचा कर १८ वरून ५ टक्क्यांवर आला आहे. माझं बिल नोव्हेंबरातलं. वर बिलावर जीएसटी नंबरच नव्हता. मॅनेजरला दाखवलं तर ‘सिस्टिममध्ये तसंच फीड आहे’ असं उत्तर. तुमच्याकडे त्यानंतरची बिलं असतील तर काढून बघा.

मॅनेजर एरवी गोड बोलणारा. दारात मी ‘मॅडम’ होते, खुर्चीत ‘ताई’ झाले आणि पैशाचं निघाल्यावर एकदम ‘काकू’. ‘काकू, रोज पन्नास डोकी करतो आम्ही, एक्स्पर्टवर विश्वास ठेवायला लागतो.’ मी वरचे २,३२२ दिले नाहीत. त्याला सांगितलं की मी मागितलेली सेवा रूट टच-अप, ठरलेले १,८००, त्यावर ५ टक्के धरून १,८९०. बाकीचे परत हवेत. रंग बिघडवला तरी भांडण लांबायला नको म्हणून तेवढे मी सोडायला तयार होते. आधी तर तो छापील बिलच देईना, ‘मेसेज आलाय ना’ म्हणे. सेवा देऊन बिल नाकारणं ही २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा धरली जाते. हे वाक्य शांतपणे म्हटल्यावर प्रिंटर चालू झाला.

सोसायटीत ही गोष्ट पसरली आणि ‘तूही दोन कोटी माग’ असे सल्ले आले. त्या दिल्लीच्या खटल्याची आठवण सगळ्यांना असते, पण अर्धीच. २०१८ मध्ये एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये केस सांगितल्यापेक्षा फार आखूड कापले गेले. २०२१ मध्ये राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २ कोटींची भरपाई देण्याचा आदेश दिला, इथपर्यंत लोकांना माहीत असतं. फेब्रुवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रक्कम रद्द केली आणि नुकसानीचा आकडा पुराव्यानिशी सिद्ध करायला हवा म्हणून प्रकरण परत आयोगाकडे पाठवलं, हे कुणी सांगत नाही. तेव्हा रडारड करण्याआधी ट्यूबचा, बाटलीचा, बिलाचा आणि उन्हातल्या केसांचा फोटो.

केस दुरुस्त करायला जिच्याकडे गेले, तिचं दोन खुर्च्यांचं पार्लर आहे, गल्लीच्या आत. मला लग्नाआधी घाई होती, त्याच दिवशी करून हवं होतं. तिने साफ नाही म्हटलं. ‘ताई, टाळू लाल झालीय. आज मी हात लावणार नाही.’ कानामागे रंगाचा ठिपका लावून दोन दिवस खाज-सूज येते का ते बघायला सांगितलं. कायम रंगांत बहुधा पीपीडी नावाचं रसायन असतं, त्याची काहींना ॲलर्जी होते. म्हणूनच आधी चाचणी करा असा इशारा पाकिटावर छापणं आपल्याकडे कायद्यानेच बंधनकारक आहे, पण मोठ्या सलूनमध्ये मला आजवर कुणी असा ठिपका लावलेला नाही. तिने आतल्या बाजूची एकच बट ४ ने रंगवून दाखवली. पूर्वी काळी मेंदी लावत होता का, कोणती, हेही खोदून विचारलं. काही काळ्या मेंद्यांत धातूचे क्षार असतात, त्यांची पेरॉक्साइडशी गाठ पडली की केस तापतात, तुटतातही. टाळू निवल्यावर तिने माझ्यासमोर ट्यूब फोडली, काट्यावर ग्रॅम मोजले आणि नंबर, व्हॉल्यूम, वजन कार्डाच्या पाठीमागे लिहून दिलं. सांगितले १,२००, घेतले १,२००.

म्हणजे माझ्याशी दोघेही असहमतच होते. पण हिची हरकत रंग कालवायच्या आधी आली, एका बटेवर तपासून बघता आली आणि त्या दिवशी तिच्या गल्ल्यात एक रुपयाही पडला नाही. पहिल्याची हरकत खुर्चीत केप बांधल्यावर आली, तिला पुरावा म्हणजे माझा ‘स्किन टोन’, आणि त्या हरकतीने बिल पाचपट झालं.

ज्यांना चारचौघांत बोलायला संकोच वाटतो (माझ्या जाऊबाईंना तर ‘आपल्याला काय कळतंय त्यातलं’ असंच वाटतं) त्यांनी जाण्याआधी व्हॉट्सॲपवर लिहून टाकावं: ‘रूट टच-अप, ४ नंबर, २० व्हॉल्यूम, १,८००, आणखी काहीही करायचं झाल्यास आधी विचारणे.’ त्यावर नुसता अंगठा आला तरी तो कागद झाला. खुर्चीत बसल्यावर एवढंच म्हणायचं: ‘ट्यूब माझ्यासमोर फोडा.’ प्रामाणिक माणसाला याचा राग येत नाही. ओटीपी लॉक स्क्रीनवर दिसणार नाही अशी सेटिंग फोनमध्ये असते, ती आजच करून घ्या, आणि फोन केपच्या आत मांडीवर ठेवा. वॉलेटमध्ये आधीच पैसे भरले असतील तर तुमचा हक्काचा ‘नाही’ निम्म्याने दुबळा होतो, कारण पैसे त्यांच्याकडे आणि भांडण तुमच्याकडे.

मी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, फोटो जोडले. पुढे जायची वेळ आली असती तर जिल्हा ग्राहक आयोगात दोन वर्षांच्या आत जाता येतं, तक्रार ई-जागृती या सरकारी संकेतस्थळावर घरबसल्या करता येते, दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही आणि आपण राहतो त्याच जिल्ह्यात दाखल करता येते. तेवढी वेळ आली नाही. तक्रार कंपनीकडे पोचल्यावर आधी ‘फ्री हेअर स्पा’ची ऑफर आली, मग मॅनेजरच्या वरच्या माणसाचा फोन. माझे मूळ ५,००० वजा १,८९०, म्हणजे ३,११० रुपये खात्यात आले. सोबत सहीसाठी एक कागद होता, त्यावर ‘सदिच्छा म्हणून परतावा’ असं छापलेलं. ते खोडून वर ‘न मागितलेल्या सेवेचे परत केलेले पैसे’ असं लिहिलं, खाली सही केली आणि पाठवून दिला.