टॉय हॉलरच्या गॅरेजमध्ये सामानाची सोय : आठ महिने वापरल्यावर काय टिकलं, काय काढून टाकलं

ऑक्टोबरमध्ये सुरू केलेलं काम, आता जून आलाय. या काळात ट्रेलर सहा वेळा बाहेर काढला, दोनदा कॅलिफोर्नियातल्या इम्पिरियल सँड ड्यून्सला, एकदा युटातल्या मोआबला, बाकी इथे ॲरिझोनातच. पहिली सोय केली होती ती दोन महिन्यांत उचकटून काढली, आत्ता आहे ती डिसेंबरपासूनची. दोन्हीचं सविस्तर लिहिते, कारण आपल्या लोकांमध्ये आता बरेच जण ट्रेलर घ्यायला लागलेत आणि मला मराठीत याबद्दल कुठेच काही सापडलं नव्हतं.

टॉय हॉलर म्हणजे काय ते आधी. पुढे किचन, बाथरूम, झोपायची जागा, आणि मागे मोकळं गॅरेज ज्याची मागची अख्खी भिंत खाली पडून रॅम्प होते, त्यावरून बाइक आत चढवायच्या. आमचा २४ फुटी आहे, पिकअपच्या मागे ओढायचा, सेकंडहँड घेतलेला. आत दोन होंडा सीआरएफ२५०एफ, माझी आणि नवऱ्याची, आणि लेकाची यामाहा टीटी-आर११०. बाइक आरामात बसतात, प्रश्न बाकीच्या पसाऱ्याचा आहे. पाच हेल्मेट (दोन पाहुण्यांसाठी), बूट, गुडघ्याचे-छातीचे गार्ड, हातमोजे, पंप, हत्यारं, चेन ल्यूब, बाइक बांधायचे टाय-डाऊनचे पट्टे, खुर्च्या, आणि वाळूत चालवताना बाइकला लावावे लागतात ते लांबच लांब झेंडे. कंपनीकडून गॅरेजमध्ये मिळतात फक्त जमिनीतल्या कड्या आणि वर दोन छोटी कपाटं, बस. मग सगळं बाइकच्या मधल्या जागेत जमिनीवर कोंबायचं आणि पोचल्यावर बाइक काढायच्या आधी अर्धा तास ते उपसायचं.

मी काय केलं, तर पाऊण इंची प्लायवूडचं मोठं कपाट केलं. मेहनतीने केलं, रंगवलं, दारं लावली, आणि मागे रॅम्पजवळ उजव्या भिंतीला लावलं, म्हणजे दार उघडलं की हाताशी. डोकं लावून केलं असं तेव्हा वाटत होतं. भिंतीत लांब स्क्रू मारले, घट्ट बसल्यासारखे वाटले.

नोव्हेंबरच्या सुरुवातीला वाळूला निघालो. कासा ग्रांडेवरून आय-८ हायवे धरला, सरळसोट रस्ता आहे, आणि गिला बेंड सोडल्यावर शेजारून मोठे ट्रक गेले की आमचा ट्रेलर शेपूट हलवायला लागला. आधी कधीच झालं नव्हतं. नवरा चालवत होता, त्याने वेग ५५ वर आणला तेव्हा कुठे थांबलं. डेटलँडला थांबलो, तिथला खजुराचा शेक पोरांना द्यायचाच असतो, आणि मी मागे जाऊन रॅम्प उघडला तर कपाट भिंतीपासून बोटभर सुटलेलं. वरचे चारही स्क्रू बाहेर. भोकांच्या तोंडाशी लाकडाचा भुगा आणि आतल्या फोमचे पांढरे दाणे, बोट घातलं तर बोट सरळ आत. स्क्रू तुटलेला नाही, वाकलेला नाही, भिंतीने त्याला धरलंच नव्हतं. ते कपाट माझ्या लेकाच्या बाइकवर पडलं असतं, आणि कॅम्पवर पोचल्यावर रॅम्प उघडताना समोर तोच उभा असतो, हे मनात आलं तेव्हा हात गार पडले माझे.

तर पहिला धडा. या ट्रेलरची भिंत म्हणजे आतून तीन-साडेतीन एमएमचा प्लाय, मध्ये फोम आणि ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्यांचा सांगाडा, बाहेरून फायबरग्लास, हे सगळं एकमेकांना चिकटवलेलं. घराच्या भिंतीसारखं कुठेही खिळा ठोकला असं इथे चालत नाही. प्लायमध्ये मारलेला स्क्रू कॅलेंडर धरेल, कपाट नाही धरणार. आणि रस्त्यावरचे धक्के तासन् तास बसत असतात, एकदाच वजन टांगून बघितलं म्हणजे झालं असं नसतं.

दुसरा धडा वजनाचा, आणि हा जास्त महत्त्वाचा. दारावर पिवळा स्टिकर असतो, त्यावर लिहिलेलं असतं की सामानाचं वजन अमुक पौंडांच्या वर जाऊ देऊ नका. आमच्यावर २,६०० आहे. ऐकायला भरपूर वाटतं. आता धरा, दोन होंडा २६५ च्या हिशोबाने ५३०, यामाहा १५९, झाले ६८९. पाण्याची टाकी १०० गॅलनची, एक गॅलन पाणी म्हणजे ८.३४ पौंड, म्हणजे भरलेली टाकी ८३४. दोन्ही मिळून १,५२३ इथेच गेले. उरले हजाराच्या थोडे वर, त्यात जनरेटर, खाणंपिणं, कपडे, लाकडं, हत्यारं, सगळं. आणि माझं रिकामं कपाट बाथरूमच्या वजनकाट्यावर तुकड्या-तुकड्याने केलं तर १४० पौंड निघालं! सामान ठेवायच्या जागेचंच वजन १४०. त्यात सामान भरलं की अडीचशे.

वरून ते होतं चाकांच्या बरंच मागे. ट्रेलरच्या वजनातलं साधारण १० ते १५ टक्के हिचवर, म्हणजे ट्रेलर पिकअपला जिथे जोडतात तिथे, यायला हवं असं सगळेच सांगतात, मागे वजन वाढलं की सीसॉसारखं पुढचं हलकं होतं आणि ट्रेलर डोलायला लागतो. परत येताना ट्रक स्टॉपच्या काट्यावर वजन केलं. आधी ट्रेलर जोडून, मग ट्रेलर सोडून नुसता ट्रक, पिकअपच्या दोन्ही ॲक्सलच्या वजनात जो फरक येतो तो हिचवरचा भार. (वेट डिस्ट्रिब्यूशनचे, म्हणजे हिचवरचा भार बाकीच्या ॲक्सलवर वाटणारे बार असतील तर ते सोडून करा, नाहीतर आकडा चुकतो.) ट्रेलर ८,४०० आणि हिचवर फक्त ७८०, म्हणजे सव्वानऊ टक्के. आय-८ वर जे झालं त्याचं कारण कागदावर आलं. माझी कळकळीची विनंती आहे, काहीही बांधायच्या आधी एकदा काट्यावर जा, पंधरा-वीस मिनिटांचं काम आहे.

त्याच महिन्यात माझे बाबा कोल्हापूरहून आले, सहा महिन्यांसाठी. शिरोली एमआयडीसीत आयुष्यभर लेथवर काम केलेला माणूस. भिंतीतली भोकं बघितली आणि म्हणाले, "पोरी, हे कातडं हाय, कातड्यात बोल्ट मारत्यात व्हय? हाड शोध आधी." पण हाड शोधायचं कसं हा प्रश्नच होता. लोहचुंबक ॲल्युमिनियमला चिकटत नाही. घरातला स्टड फाइंडर (भिंतीआडचा सांगाडा शोधायचं यंत्र) कुठेही दिवा लावत होता. टकटक करून अंदाज यायचा पण दोन-तीन इंच इकडेतिकडे.

ते सापडलं फ्लॅगस्टाफजवळ. थँक्सगिव्हिंगनंतर एक रात्र तिकडे राहिलो, सात हजार फूट उंची, कडाक्याची थंडी, रात्रभर आत हीटर. बाबा नेहमीप्रमाणे उजाडायच्या आधी उठून चहाचा कप घेऊन बाहेर फेऱ्या मारत होते, आणि त्यांनी मला हाका मारून बाहेर काढलं. ट्रेलरच्या बाहेरच्या बाजूवर पांढरं दव गोठलं होतं आणि त्यात काळसर उभ्या-आडव्या रेघा, अगदी सरळ, एक्स-रेमध्ये बरगड्या दिसाव्यात तशा. ॲल्युमिनियमची नळी आतली ऊब बाहेर आणते, तेवढ्या पट्ट्यावर बर्फ धरत नाही, मधल्या फोमवर धरतो. ऊन यायच्या आत आम्ही टेप घेऊन खिडकीच्या कडेपासून प्रत्येक रेघेचं अंतर मोजलं, फोटो काढले, आणि आत येऊन तीच मापं निळ्या पेंटर टेपने भिंतीवर उतरवली. आमच्या रेघा सगळीकडे सारख्या अंतरावर नव्हत्या, खिडकीभोवती दाट, चाकाच्या वर विरळ. इथल्या घरांच्या भिंतीसारखं अंदाजाने १६ इंच धरून भोकं पाडली असती तर निम्मी चुकली असती. थंडी पडत नसेल तिथे थर्मल कॅमेरा भाड्याने मिळतो, तोही हेच दाखवतो.

मग डिसेंबरमध्ये नवीन काम. कपाट काढलं. दोन्ही भिंतींना एल-ट्रॅकच्या ॲल्युमिनियम पट्ट्या लावल्या, विमानात सीट ज्यात अडकवतात तोच प्रकार, प्रत्येक पट्टी किमान तीन बरगड्यांवर. नळीचा पत्रा पातळ असतो, त्यात साध्या स्क्रूला आटे मिळतात जेमतेम दोन, म्हणून रिव्हनट बसवले, म्हणजे नळीतच नट पक्का होतो आणि त्यात बोल्ट. भोक पाडताना ड्रिलच्या बिटला टेप गुंडाळून खूण केली होती, कारण भिंत अख्खी दोन इंचांची नाही, जोरात दाबलं तर बिट बाहेरच्या बाजूने निघेल आणि पाणी शिरायला वाट झाली की भिंत सडलीच समजा. वायरी कुठून गेल्यात तेही आधी बघा. आणि जमिनीत तर खालून वाकून बघितल्याशिवाय अजिबात ड्रिल लावू नका, खाली पाण्याच्या आणि सांडपाण्याच्या टाक्या असतात.

चाकांच्या पुढे, किचनच्या पार्टिशनला लागून एक ॲल्युमिनियमचं उघडं रॅक, खाली हत्यारं, वर हलक्या वस्तू. बाकी सगळं पट्टीवर अडकवलेल्या कॅनव्हासच्या आणि जाळीच्या पिशव्यांत. रॅक आणि त्यातलं सामान मिळून १५५ पौंड, परत काट्यावर गेलो तर हिचवर ९६५, साडेअकरा टक्के. जानेवारीत त्याच आय-८ वरून गेलो, वारा होता, तरी ट्रेलर शहाण्यासारखा मागे आला. एकूण खर्च साडेचारशे डॉलर, त्याआधी प्लायवूडवर वाया गेलेले एकशेऐंशी वेगळे.

आता वापरातलं. सगळ्यात जास्त समाधान जाळीच्या पिशव्यांचं. रायडिंगचे कपडे घामाने ओले असतात, बंद कपाटात ठेवले की दुसऱ्या दिवशी अंगावर घालवत नाहीत, जाळीत टांगले आणि छतावरचा फॅन चालू ठेवला की सकाळपर्यंत सुकतात. वाळूही खाली गळते, झाडून टाकली की झालं. कॅनव्हासच्या पिशव्या मोआबला कमी पडल्या, तिथली लाल धूळ चेनच्या दातांतून आत जाते, गॉगल आणि हातमोजे आता झाकणाच्या डब्यात ठेवते. मसाल्याचा डबासुद्धा तसाच. खडबडीत कच्च्या रस्त्यावर त्याचं झाकण उघडलं आणि लेकाची पांढरी जर्सी हळदीने अशी माखली की अजून पिवळी आहे. प्रेशर कुकर क्रेटमध्ये टॉवेल गुंडाळून, तो आवाज डोकं उठवतो.

हेल्मेटच्या फळीची चूक माझीच. गॅरेजमध्ये आमचा पलंग विजेवर वरून खाली येतो. मी मापं पलंग वर असताना घेतली, आणि फेब्रुवारीत रात्री पलंग खाली आणला तर करकर आवाज आणि नवऱ्याच्या हेल्मेटचा व्हायझर मोडला. फळी आता आठ इंच खाली आणि कमी खोल आहे. पलंग खाली आणून, टेबल उघडून, दारं उघडून, सगळ्या स्थितीत माप घ्या. आणि लाल हँडलची जी खिडकी असते, आग लागली तर बाहेर पडायची, तिच्यासमोर काहीही नको, एक पिशवीसुद्धा नको.

पेट्रोलचे कॅन आत ठेवायचे बंद केले, हे कुणी विचारलं नाही तरी सांगणार. नोव्हेंबरमध्ये रात्री दोन वाजता गॅसचा अलार्म वाजला, मुलं पार घाबरून गेली. गॅस गळत नव्हता, कोपऱ्यातल्या कॅनचं झाकण नीट लागलं नव्हतं. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, खाली साचते, आणि त्याच खोलीत फ्रिज-हीटर प्रोपेनवर चालतात. आता कॅन पिकअपच्या मागे उघड्यावर, पट्ट्याने बांधलेले.

चिकटवायचे हुक तुम्ही घेणार असाल तर इथल्या उन्हाळ्यात घेऊ नका. मे महिन्यात बंद ट्रेलरच्या आत भट्टी होते, सातपैकी सहा हुक खाली पडले, एकाने प्लायवरचा कागदही सोबत आणला. चुंबकाच्या कड्यांनी दारं बंद राहत नाहीत, वळणावर उघडतात, दाबून बंद होणारे लॅच लागतातच.

झेंड्यांचं मात्र मनासारखं झालं. ड्यून्समध्ये जमिनीपासून आठ फूट उंच झेंडा सक्तीचा आहे, वाळूच्या टेकडीपलीकडून येणाऱ्याला तुम्ही दिसावं म्हणून, आणि त्या काठ्या आमच्याकडे सारख्या पायात यायच्या, एकदा लेकाच्या डोळ्याला लागता लागता राहिली. आता छताच्या कडेला तीन इंची पीव्हीसी पाइप आडवा बांधलाय, काठ्या आत सरकवायच्या आणि टोपण लावायचं.

बोल्टला निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ नयेत म्हणूनचा चिकट द्रव) लावलंय, तरी बाबांनी जाताना बजावून सांगितलं होतं की दर ट्रिपनंतर पाना फिरवायचा. प्रत्येक बोल्टवर त्यांनी मार्करने रेघ मारून ठेवली आहे, बोल्टवरून खाली पट्टीपर्यंत, म्हणजे हलला तर रेघ तुटलेली दिसते. गेल्या रविवारी सगळे बघितले. चोवीसपैकी तेवीस रेघा जशाच्या तशा, डाव्या भिंतीवरच्या मागच्या कोपऱ्यातला एक पाव फेरा सैल झाला होता. घट्ट केला, नवीन रेघ मारली आणि फोटो कोल्हापूरला पाठवला.